पाण्याखालचा चुना

म्हैसूरपासून सुमारे वीस किलोमीटरांवर, कन्नंबाडी येथे, कावेरीचे पाणी अडवून धरणारी कृष्णराजसागराची दगडी भिंत उभी आहे. तिची लांबी सुमारे ८६०० फूट, उंची सुमारे १३० फूट. १९११ साली बांधकामास आरंभ झाला, तेव्हा सिमेंट परदेशातून आणावे लागे व ते फार महाग पडे. म्हणून पुण्यात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्यात उमेदवारी केलेल्या विश्वेश्वरय्यांनी हे दगड चुना व सुरखी यांनीच सांधविले. पानाला बोटाने लावावयाचा मऊ चुना एवढा जलाशय पेलतो तरी कसा?

चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत भाजली म्हणजे तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुनकळी उरते. तिच्यावर पाणी ओतताच ती तडकते, फुलते, वाफा सोडते. एकदा हे काम केलेल्या माणसाला डोळे सांभाळ म्हणून सांगावे लागत नाही. ५६ किलो कळी १८ किलो पाणी अंगात जिरविते आणि ७४ किलो पांढरी भुकटी होते. हाच विरलेला चुना, रसायनशास्त्राच्या भाषेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड. प्रत्यक्षात पाणी अधिक लागते, कारण बरेचसे वाफ होऊन उडते.

साखर ऊन पाण्यात अधिक विरघळते. चुन्याची तऱ्हा उलटी. लिटरभर थंड पाण्यात तो जेमतेम पावणेदोन ग्रॅम विरघळतो, उकळत्या पाण्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्याच्या निवळीत नळीने फुंकले की ती दुधाळ होते, कारण श्वासातील वायूशी संयोग पावून चुना पुन्हा चुनखडीचे रूप घेतो. घराच्या भिंतीतील चुना याच रीतीने, हवा घेत घेत, घट्ट होतो.

परंतु धरणाच्या पोटात हवा कोठली? तेथे सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, कामास येते. त्या मातीतील सिलिका व अॅल्युमिना ओलाव्यात चुन्याशी संयोग पावतात आणि पाण्यात न विरघळणारी कठीण संयुगे बनतात. माती कच्ची राहिली किंवा फाजील भाजली गेली, तर हा गुण उतरत नाही. घाणीत चुना व सुरखी एकजीव दळली गेली नाही, तरी सांधा कच्चाच.

सिमेंटच्या मानाने हा सांधा फार सावकाश घट्ट होतो. कृष्णराजसागराचे काम १९३१ पर्यंत चालले. अगदी आरंभी रचलेल्या थरांना तोवर जवळजवळ वीस वर्षे मिळाली होती.