जुन्या पिकअपला नवे ब्रेक

आपल्या अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात एखाद्या वाडीच्या मागल्या अंगाला, झापांच्या मांडवाखाली, जुनी जीप किंवा पिकअप उभी असलेली दिसते. आजोबांनी तिच्यातून नारळ-सुपारी वाहिली, आंब्याच्या पेट्या नेल्या. आता घरातल्या मुलाला ती पुन्हा चालू करावीशी वाटते. हौस चांगली आहे. पण अशा वेळी बहुतेक जण आधी इंजिनाकडे धावतात. इंजिन बंद पडले तर गाडी जागच्या जागी उभी राहते. ब्रेक गेले तर ती उभी राहत नाही, एवढे ध्यानात घ्या. भरलेली गाडी कार्ले खिंड उतरत असताना हा फरक जिवाशी येतो. म्हणून पहिला खर्च ब्रेकवर करावा.

खारी हवा काय करते?

जुन्या पिकअपचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. पायाखालचे पेडल दाबले की मास्टर सिलिंडर तेल ढकलतो. ते पाइपांतून चाकांपर्यंत जाते, तिथले लहान सिलिंडर ब्रेक शू बाहेर रेटतात आणि शूवरचे लायनर ड्रमवर घासून चाक थांबते. जुन्या गाड्यांत बहुधा एकच मास्टर सिलिंडर आणि तेलाची एकच वाट असते. त्यामुळे एका चाकाकडचा पाइप फुटला तरी चारही चाकांचे ब्रेक जातात.

आपल्याकडे या यंत्रणेचे वैरी दोन, खार आणि ओल. पुळणीवरून, खाडीच्या पाण्यातून गाडी नेली की खारे पाणी ड्रममध्ये शिरते. पाइप बाहेरून गंजतात. त्यात ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, म्हणून सिलिंडर आतूनही खातो. ओल धरलेले तेल लवकर उकळते. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंशांपर्यंत तग धरते, ओल धरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. उतारावर ब्रेक तापले की तेलाची वाफ होते आणि पेडल खाली बसते. म्हणून वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीतले तेल वरून भरलेले दिसले, तरी ते सगळे काढून टाकावे.

भाग कुठे मिळतील?

प्रथम गाडीचे घराणे ओळखा. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि त्याच वंशातल्या गाड्या पुढे अनेक दशके बनत राहिल्या. त्यामुळे जीपच्या जातीच्या गाड्यांचे भाग शोधणे तुलनेने सोपे जाते. पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर असेल, तर दुकानात तसे सांगा. त्या कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली डॉज किंवा फार्गो असेल, तर मात्र थोडा धीर धरावा लागेल.

शोधाची सुरुवात अलिबाग, पेण, पनवेलच्या जुन्या मिस्त्रींपासून करा. तिथे जमले नाही तर मुंबईत ऑपेरा हाउसकडची सुट्या भागांची दुकाने आणि कुर्ल्याचा जुना बाजार, किंवा पुण्यातली नाना पेठ गाठा. नुसते मॉडेलचे नाव सांगून माल घेऊ नका. पन्नास वर्षांत कोणी कुठला भाग बदलला असेल, त्याचा नेम नाही. जुना भाग पुसून पिशवीत घालून सोबत न्या. सिलिंडरचा आतला व्यास, ड्रमचा व्यास आणि शूची रुंदी वहीत लिहून ठेवा. जुन्या विलीजचा ड्रम ९ इंची असतो, पुढच्या चाकांचे सिलिंडर १ इंची आणि मागचे पाऊण इंची. दिसायला सारखे, पण अदलाबदल केली तर ब्रेकचा तोल बिघडतो. पाइपाच्या जोडाचे आटे इंची आहेत की मेट्रिक, हेही पाहा. आटा जबरदस्तीने बसवला तर तो आज धरेल आणि उद्या सुटेल.

नवे काय, जुने काय?

जुन्या बाजारातून ड्रम, शूची लोखंडी पाटी, मास्टर सिलिंडरची बॉडी घ्यायला हरकत नाही. शूवर नवे लायनर चढवून मिळते. आतून खाल्लेल्या सिलिंडरला चांगला लेथवाला स्लीव्ह घालून देतो. ड्रमला भेग नसेल तर तो आतून खरवडता येतो, मात्र फार पातळ झालेला ड्रम भंगारात द्यावा. रबरी वाट्यांचे किट, रबरी नळ्या आणि तेल या तीन वस्तू कधीही जुन्या घेऊ नका. रबर वापराविना पडून राहिले तरी म्हातारे होते. पाइप पोलादी आणि ब्रेकसाठीच बनवलेला घ्या, साधा तांब्याचा नको.

ब्रेकचे रबर रॉकेल, डिझेल किंवा इंजिन ऑइलने धुऊ नका. रबर फुगते आणि ब्रेक अडकतात. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असे. त्याची धूळ फुंकर मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि मुलांना दूर ठेवा. उरलेले तेल सरबताच्या बाटलीत भरून माजघरात ठेवू नका, ते विषारी असते.

सगळे जोडल्यावर पाइपातली हवा काढावी लागते. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकाशी निपल सोडायचे आणि पेडल वर येण्याआधी बंद करायचे. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे. मग गाडी सपाट मैदानात रिकामी चालवून पाहा. ब्रेक मारल्यावर ती एका बाजूला ओढत असेल, तर रस्त्यावर काढू नका.

कागदपत्रांचे काय?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे तपासणी करून ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. आपल्या भागाचे आरटीओ कार्यालय पेणला आहे. २०२१ साली ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम आला. तिचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून गाडी मिरवायची की वाडीतला माल वाहायला वापरायची, हे घरच्या सर्वांनी बसून आधी ठरवा. नोंदणी त्याप्रमाणे करा. ब्रेक मात्र दोन्हीकडे सारखेच भक्कम हवेत.