जागा कायम करणे, शुल्क आणि वसतिगृह

जालना जिल्ह्यातील विद्यार्थ्याला अभियांत्रिकीचा प्रवेश प्रामुख्याने राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून मिळतो, आणि या प्रक्रियेत गुणांइतकेच मुदतीला महत्त्व असते. 2025-26 च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी महाविद्यालय मिळाल्यास जागा आपोआप कायम, म्हणजे ‘फ्रीझ’ होते. ती स्वीकारून, जागास्वीकृती शुल्क भरून मुदतीत मूळ कागदपत्रांसह महाविद्यालयात हजर न झाल्यास हक्क जातो आणि पुढील फेऱ्यांची दारेही बंद होतात. म्हणून पसंतीक्रम भरतानाच घरात सविस्तर चर्चा व्हावी, कारण वरच्या क्रमांकावर सहज लिहिलेले महाविद्यालय मिळून जागा कायम झाली, तर ते पुढे बदलता येत नाही. ठरलेल्या अंतिम तारखेपूर्वी प्रवेश रद्द केल्यास जास्तीत जास्त 1,000 रुपये कापून उरलेले शुल्क परत मिळते.

राहण्याचा प्रश्न मात्र प्रवेशाबरोबर आपोआप सुटत नाही. शासकीय वसतिगृहासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि तेथील मोजक्या जागा प्रवर्गनिहाय गुणवत्तेनुसार भरतात. तेथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, जिच्यात भोजन, निवास व निर्वाहासाठीची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते.