सनई नव्हे, क्लॅरिनेट

लग्नाच्या वरातीत बँडपुढे सूर धरणारे काळे, लांबट वाद्य अनेकांना सनईचेच भावंड वाटते. सनईला पत्तीची जोडी असते. क्लॅरिनेटला एकच पातळ पट्टी, म्हणजे रीड. १७०० च्या सुमारास न्यूरेंबर्गच्या डेनर यांनी घडवलेले हे वाद्य आपल्याकडे आले ते लष्करी बँडमधून.

सुट्ट्या सुपाऱ्या घेणाऱ्या वादकाचे वर्ष पंचांगावर चालते. लग्नसराईत एका दिवसात दोन ठिकाणे. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त संपले की गणपतीपर्यंत हात रिकामे. म्हणून शिकवण्या. त्या कमी प्रतीचे काम मानणारे वादक मला पटत नाहीत, कारण शिकवणे इथे फार बारीक काम आहे.

बासरीवरून आलेला विद्यार्थी हमखास अडतो. बासरीत तीच बोटे ठेवून फुंक बदलली की वरच्या सप्तकातला तोच सूर येतो. क्लॅरिनेटची मागची चावी दाबली की खालच्या ‘सा’च्या बोटांवर वरच्या सप्तकातला ‘प’ येतो! म्हणजे बोटांचे गणित दोनदा पाठ करायचे. शिवाय नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर ‘सी’ वाजवला तर पेटीवर तो काळी पाच निघतो, त्यामुळे गायकाची पट्टी विचारूनच बसावे लागते. दात नीट आल्याशिवाय मुलांना घेत नाहीत. नवशिक्याला दीड-दोन नंबरची मऊ रीड द्यावी. ती कोरडी वाजवली की चिरकते, आधी तोंडात भिजवावी लागते. रीड झिजतात, तुटतात. फी ठरवताना तो खर्च कोण करणार हे आधीच बोलून घ्यावे.