योगायोग: पुरावा की प्रश्न?

पीएचडीचा विषय शोधताय? सकाळी एका विषयावर लेख वाचला, दुपारी त्यावरच व्याख्यान झालं, संध्याकाळी मित्रानेही तोच विषय काढला. 'हा संकेतच!' असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांची एक रुग्ण स्वप्न सांगत होती. स्वप्नात तिला भुंगेऱ्याच्या आकाराचा सोन्याचा दागिना मिळाला होता. तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. युंग यांनी खिडकी उघडली, तर हिरवट-सोनेरी भुंगेरा आत आला! तर्काला चिकटून बसलेली ती स्त्री तिथून मोकळी होत गेली. अशा अर्थपूर्ण योगायोगांवर युंग यांनी १९५२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्याच पुस्तकात भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली यांचाही निबंध होता.

आता गणित बघा. २३ जणांच्या वर्गात कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता ५० टक्क्यांहून जास्त आहे. शिवाय जुळलेलं लक्षात राहतं, न जुळलेलं आपण विसरतो.

मग माझा 'संकेत' खोटा होता? विषयाबद्दल त्याने काहीच सिद्ध केलं नाही. पण शेकडो गोष्टींतून नेमकी तीच का टिपली? कारण हातातला विषय मला सोडायचा होता आणि ते मी स्वतःशीही कबूल करत नव्हते.

म्हणून असं काही घडलं की वहीत दोन ओळी लिहा: काय जुळलं, आणि तेव्हा मला काय हवं होतं. पाच वर्षांचा निर्णय मात्र वाचन करून, गाइडशी बोलूनच घ्या.