चाक फिरलं की पगार सुरू : वैमानिकाच्या तासांचा हिशोब

मंडळी, आपल्या गोंदियाजवळ बिरसीला विमानतळ आहे आणि तिथंच वैमानिक तयार करणारी नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटही आहे. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्या देशात 200 तासांचं उड्डाण लागतं. म्हणजे विद्यार्थी आधी तासाचे पैसे भरतो आणि नोकरी लागली की तासाचेच पैसे घेतो. पण हा तास कोणता? आजचा विषय तोच आहे.

हा घड्याळातला तास नव्हे. विमान जागेवरून हललं की तो सुरू होतो आणि उतरून जागेवर थांबलं की संपतो. इंग्रजीत त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. उतारावर बंडी उभी केली की आपण चाकाला दगड लावतो ना, तसा विमानाच्या चाकालाही ठोकळा लावतात. तो काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत जे होतं, ते उड्डाण. त्याआधी तासभर येऊन हवामान पाहणं, इंधनाचा निर्णय घेणं, धुक्यामुळे विमानतळावर ताटकळत बसणं, दोन फेऱ्यांमधली वाट पाहणं, हे सगळं 'ड्यूटी'त धरतात, 'उड्डाणा'त नाही.

तुम्हाला हे नवं वाटायला नको. तेंदूपत्त्याची मजुरी पुडक्यांच्या शेकड्यावर मिळते. पहाटे उठून जंगलात किती चाललात, हे कोण मोजतं?

आता एवढंच असतं तर वैमानिक रोजंदारीवरच असता. तसं नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी महिन्याला ठरावीक तासांची हमी असते. तेवढे तास विमान उडवलं नाही तरी त्यांचे पैसे मिळतात आणि त्यापुढच्या तासांचे वेगळे. ही हमी किती, यावर सगळं अवलंबून आहे. 2024 च्या सुरुवातीला विस्तारा कंपनीनं एअर इंडियात विलीन होण्याआधी नवी वेतनरचना आणली आणि हमी 70 तासांवरून 40 वर आली. वैमानिक नाराज झाले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांअभावी कितीतरी उड्डाणं रद्द करावी लागली. पेपरात तुम्ही वाचलंच असेल.

तुम्ही म्हणाल, लाखांत पगार घेणाऱ्यांची कसली तक्रार! थांबा, जरा आकडेमोड करू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे की वैमानिकानं वर्षाला 1000 तासांहून जास्त उडायचं नाही. महिना 70 तास म्हणजे वर्षाचे 840. उरले 160. हमी 40 वर आणली की 480 तास पक्के आणि 520 तासांची कमाई कंपनी किती विमानं उडवते यावर. विमान दुरुस्तीला गेलं, प्रवासी आटले, तर ते नुकसान आधी मालकाचं होतं. आता त्याचा मोठा वाटा वैमानिकाच्या घरात आला. मला यात अन्याय दिसतो, पगार कितीही मोठा असो.

तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून मला इथं एक जुना प्रश्न दिसतो. पगार देणारा नेमकं काय विकत घेतो? चाकाचं फिरणं, की माणसाची तयारी? शंभरातल्या नव्याण्णव फेऱ्यांत वैमानिकाचं सगळं ज्ञान वापरावं लागत नाही. ते जवळ असणं, हेच त्याचं काम. आणि त्यातला सगळ्यात अवघड भाग कोणता? 'आज मी थकलोय, उडवणार नाही' असं म्हणणं. हमी मोठी असेल तर हे म्हणायला फार धैर्य लागत नाही. हमी लहान असेल तर प्रत्येक नकाराला किंमत पडते, आणि ती त्याच्या मागं बसलेल्या दीड-दोनशे लोकांना दिसत नाही.

म्हणून तर विश्रांती कायद्यानं ठरवावी लागते. ती वैमानिक आणि मालक यांच्या सौद्यावर सोडता येत नाही. 2024 च्या जानेवारीत महासंचालनालयानं नवे नियम जाहीर केले आणि आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 वर नेली. अंमलबजावणी मात्र पुढं पुढं ढकलली गेली. 2025 च्या जुलैपासून ती टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. नियम जवळपास दोन वर्षं आधी ठाऊक होते. माणसं पुरेशी नव्हती.