थंडीतले गोचीड, घरातला कुत्रा आणि लेकरांचा ताप

थंडी पडली की गोचीड आपोआप मरतात, असे आपल्या मूलच्या वस्त्यांमध्ये बऱ्याच घरी बोलले जाते. पावसाळ्यात कुत्र्याच्या कानात गोचिडांची झुंबड दिसते, दिवाळीनंतर ती कमी होते, म्हणून हा समज. गवतातले, उघड्यावरचे काही गोचीड थंडीत मंदावतात हे खरे आहे. पण कुत्र्याच्या अंगावरचा तपकिरी गोचीड हा घराच्या आश्रयाने राहणारा जीव आहे. आणि थंडीत आपला कुत्रा झोपतो कुठे? चुलीजवळ, तणसावर, नाहीतर पोरांच्या गोधडीच्या कडेला. म्हणजे गोचिडाला ऊबही आपण देतो आणि निवाराही.

रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, खाटेच्या सांध्यात, पोत्याखाली शिरते. तिथे ती हजारांच्या संख्येने अंडी घालते. अंडी फुटायला तीनेक आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. बाहेर येणारे पिल्लू सहा पायांचे आणि मोहरीहून बारीक असते. मोठा गोचीड तर अन्नावाचून कित्येक महिने भेगेत बसून राहू शकतो. म्हणून एकदा कुत्रा धुतला आणि काम झाले, असे होत नाही. कुत्र्यावर दिसतात ते थोडे, घरात लपलेले जास्त.

कुत्र्याला यातून रक्ताचे आजार होतात. तो खात नाही, कोपऱ्यात पडून राहतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते, कधी लघवी गडद तांबडी होते. अशा वेळी घरच्या घरी हळद-तेल लावत बसू नये. पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. वेळेत औषध मिळाले तर बरेच कुत्रे वाचतात.

माणसांचे काय? गोचिडातून माणसाला होणारा टायफस ताप आपल्या देशात आहे. ताप, जबर डोकेदुखी, अंगावर पुरळ आणि ते तळहात-तळपायांवरही येते. याच्या जोडीला स्क्रब टायफस आहे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याचे अनेक रुग्ण सापडले होते. मात्र तो गोचिडातून होत नाही. गवत-झुडपांत, उंदरांच्या वावराच्या ठिकाणी असलेल्या अगदी बारीक लाल किड्याच्या चाव्यातून होतो, आणि धान कापणीच्या दिवसांतही त्याचे रुग्ण येतात. त्यात काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली बिडीने चटका दिल्यासारखी काळी खपली दिसू शकते. ती दुखत नाही, म्हणून कोणी पाहत नाही. लाजेने तर दाखवतच नाही.

हाताने गोचीड चिरडायची सवय आपल्या बायाबापड्यांमध्ये फार आहे. दोन नखांत धरून फोडतात, हात पदराला पुसतात आणि लगेच भाकर थापायला बसतात. हे थांबवा. २०११ च्या जानेवारीत, म्हणजे थंडीतच, गुजरातमध्ये काँगो तापाचे रुग्ण आढळले. हा आजार गुराढोरांवरच्या गोचिडांतून आणि बाधित रक्तातून पसरतो. तेव्हा रुग्णाची सेवा करणारे डॉक्टर आणि नर्सही दगावले होते. घाबरवण्यासाठी सांगत नाही. गोचिडाच्या पोटातले रक्त हाताला लागू द्यायचे नाही, एवढ्यासाठी सांगते.

काढायचा कसा? हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. बारीक चिमट्याने गोचिडाला कातडीच्या अगदी लगत धरा आणि न पिळता, न झटकता सरळ वर ओढा. साबणाच्या दाट पाण्यात टाका. मग जागा आणि हात साबणाने धुवा. कान, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखालची मान आणि शेपटीचे बूड रोज पाहा. रॉकेल, डिझेल, पेटती बिडी यांतले काहीही लावू नका. कातडी जळते, आणि डिवचलेला गोचीड आपली लाळ जखमेत जास्त सोडतो.

सर्वांत मोठा धोका म्हणजे धानावर फवारायचे औषध पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालणे. कुत्रा अंग चाटतो, लेकरे त्याच्या गळ्यात पडतात. फवारणीच्या विषाने काय होते ते २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने पाहिले आहे. गोचिडांसाठी वेगळी औषधे मिळतात. ती जनावराचे वजन आणि वय पाहून पशुवैद्यकाकडून घ्यावीत. कुत्र्याचे औषध मांजरीला तर मुळीच लावू नये, त्यातली काही तिचा जीव घेतात. आंघोळ दुपारच्या उन्हात घाला आणि अंग कोरडे होईपर्यंत लेकरांना दूर ठेवा.

घराच्या भेगा माती-चुन्याने लिंपा. कुत्र्याचे पोते आठवड्याला उकळत्या पाण्यात टाकून कडक उन्हात वाळवा. खाट उन्हात उभी करा, तणस बदला. तीन आठवड्यांनी हे सगळे पुन्हा करा, कारण तोवर राहिलेली अंडी फुटतात. शेळ्या असतील तर त्यांनाही तपासा. ज्या गावांत पशुसखी आहेत तिथे त्यांची मदत घ्या.

एका विहारात एका आजीने विचारले, “बाई, पंचशील घेतले, मग गोचीड कसे मारायचे?” प्रश्न थट्टेचा नव्हता. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात गरजेपोटी मारणे आणि मारण्याची हौस असणे यांत भेद केला आहे. लेकराच्या आणि मुक्या जनावराच्या रक्षणासाठी गोचीड काढणे हे पहिल्यातच बसते. उलट कुत्रा वाळत चाललेला पाहून गप्प बसणे मला मैत्रीभावनेत बसवता येत नाही.

घरात कोणाला दोन दिवसांहून जास्त ताप असेल तर अंगारा-धुपाऱ्यात आणि सलाईनवाल्याच्या खाटेवर दिवस घालवू नका. सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा: घरी कुत्रा किंवा शेळ्या आहेत, गोचीड काढले होते, पंधरा दिवसांत जंगलात किंवा धानात गेलो होतो. अंगावरची खपली, पुरळ दाखवा. टायफसच्या या तापांवर नेहमीची काही अँटिबायोटिक्स चालत नाहीत. डॉक्सीसायक्लीन चालते, ते स्वस्त आहे आणि लवकर सुरू झाले तर रुग्ण दोन-तीन दिवसांत उठून बसतो. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदूवर जाते. गोळी मात्र स्वतः मेडिकलमधून आणू नका. गरोदर बाई आणि लहान लेकरू असेल तर कोणते औषध, किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.