पृथ्वीच्या तालावर नृत्य

नर्तकीच्या पायांतील चाळ तिच्या पदन्यासाची वार्ता प्रेक्षकांस देतात. स्पेनमधील मून रिबास या नर्तकीने ह्याच्या उलट प्रकार केला. पृथ्वीवर कोठेही भूकंप झाला की कंप पावणारे यंत्र तिने २०१३ साली आपल्या हातात बसवून घेतले. धक्का जितका प्रबळ, तितके तिचे नृत्य आवेशयुक्त. भूकंप न झाल्यास ती रंगभूमीवर निश्चल उभी राही.

कित्येकांस हे नसते थेर वाटतील; प्रथम आम्हांसही वाटले. परंतु १९९३ साली किल्लारीस सहस्रावधी जीव ढिगाऱ्याखाली गेले, त्या पहाटे आम्ही स्वगृही स्वस्थ निजलो होतो, हे स्मरले आणि आम्ही ओशाळलो. परदुःखाची वार्ता कानांवर येणे निराळे. तिने अंग शहारणे निराळे.